गॅप मोजली कुणी? (डॉलर, बॉम्बर, मिसाइल आणि बाकीच्या)

शिळापेपर (धागाकर्ता)

महायुद्धानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांतली अमेरिकी आणि ब्रिटिश वर्तमानपत्रं चाळायला घेतली की एक शब्द पावलोपावली आडवा येतो: गॅप. डॉलर गॅप, बॉम्बर गॅप, मिसाइल गॅप, ट्रेड गॅप, क्रेडिबिलिटी गॅप, जनरेशन गॅप, आणि ऐंशीनंतर जेंडर गॅप. शब्द एकच, पण कुठे तूट, कुठे तफावत, कुठे दरी, तर कुठे चक्क थाप. माझं म्हणणं असं, की हा शब्द इतका फोफावला तो त्याच्या एका सोयीमुळे. दोन आकड्यांमधलं अंतर छापता येतं, आकडे मात्र दाखवावे लागत नाहीत. बॉम्बर आणि मिसाइल या दोघींची गोष्ट जरा ऐसपैस सांगतो. बाकीच्यांवर तुम्ही लिहा.

जुलै १९५५. मॉस्कोजवळच्या तुशिनो विमानतळावर सोव्हिएत हवाई दलाची कवायत होती. परदेशी वकिलातींचे लष्करी अधिकारी माना वर करून विमानं मोजत होते. नवं लांब पल्ल्याचं बॉम्बर, ज्याला नाटोनं 'बायसन' नाव दिलं होतं, त्याची दहा विमानं डोक्यावरून गेली. थोड्या वेळानं आणखी अठरा गेली. झाली अठ्ठावीस. प्रत्यक्षात पहिली दहाच नजरेआड जाऊन वळसा घालून परत आली होती आणि सोबत आठ नवी होती, असं नंतर सांगितलं जाऊ लागलं. आपल्याकडे नाटकात चार सैनिक विंगेतून फिरून फिरून फौज उभी करतात, तोच प्रकार. पण वॉशिंग्टनमध्ये हिशेब मांडला गेला: आज एवढी दिसली, तर कारखान्यांचा वेग अमुक, म्हणजे चार वर्षांनी तमुक. मिसुरीचे सिनेटर आणि हवाई दलाचे माजी मंत्री स्टुअर्ट सिमिंग्टन यांनी १९५६ मध्ये सुनावण्या लावल्या, वर्तमानपत्रांनी 'बॉम्बर गॅप' (बॉम्बरच्या संख्येत आपण सोव्हिएतांच्या मागे) उचलून धरली आणि काँग्रेसनं हवाई दलाच्या पदरात सुमारे नव्वद कोटी डॉलर जास्तीचे टाकले.

४ जुलै १९५६ ला यू-टू हे टेहळणी विमान पहिल्यांदा सोव्हिएत हद्दीवरून उडालं. जमिनीपासून सत्तर हजार फुटांवरून त्यानं आणि पुढच्या फेऱ्यांनी काढलेल्या फोटोंत विमानतळ होते, धावपट्ट्या होत्या, पण बॉम्बरचे ते तांडे कुठेच नव्हते. अध्यक्ष आयझेनहॉवरना कळून चुकलं की गॅप नाही. पण सांगणार कसं? सांगायचं तर दुसऱ्याच्या हद्दीत चोरून विमान उडवतो हे कबूल करावं लागणार. म्हणजे ज्याच्याजवळ पुरावा त्याचं तोंड बंद, आणि ज्यांच्याजवळ काहीच नाही त्यांना पहिलं पान मोकळं.

मग ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत उपग्रह स्पुटनिक वर गेला आणि बॉम्बर गॅपची गादी मिसाइल गॅपनं चालवली. नोव्हेंबरात, अमेरिकेच्या संरक्षणाची तयारी तपासणाऱ्या गेदर समितीचा गुप्त अहवाल अध्यक्षांच्या हातात पडला, डिसेंबरात तो वॉशिंग्टन पोस्टमधून फुटला. जोसेफ ऑल्सॉप यांचं सदर देशभरच्या पेपरांत छापून यायचं, त्यांनी ही गॅप अक्षरशः वाढवली. १४ ऑगस्ट १९५८ ला सिनेटर केनेडींनी सिनेटमध्ये यावर लांबलचक भाषण ठोकलं आणि पुढे १९६० च्या प्रचारात तेच वाजवलं. तिकडे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आमच्याकडे क्षेपणास्त्रं सॉसेजसारखी निघतात अशा बढाया मारत होते. त्यांनाही ही गॅप हवीच होती.

मला यातला सगळ्यात मोठा विनोद वाटतो तो १ मे १९६० चा. ज्या विमानानं बॉम्बर गॅप खोटी ठरवली तेच यू-टू सोव्हिएतांनी पाडलं. अमेरिकेनं सांगितलं, हवामान संशोधनाचं विमान होतं, वाट चुकलं. मग ख्रुश्चेव्हनी वैमानिक जिवंत आहे म्हणून जाहीर केलं. सरकारचं बोलणं आणि वस्तुस्थिती यांत केवढं अंतर असू शकतं ते लोकांना पहिल्यांदा ढळढळीत दिसलं, तेही गॅप नाही हे सिद्ध करणाऱ्या विमानामुळे. या अंतराला नाव मिळायला अजून पाच वर्षं होती.

जाता जाता, म्हणजे १२ जानेवारी १९६१ च्या काँग्रेसला पाठवलेल्या शेवटच्या संदेशात, आयझेनहॉवरनी सांगून टाकलं की बॉम्बर गॅप ही कायमच कल्पित होती आणि मिसाइल गॅपचीही लक्षणं तशीच दिसतात. पण सत्तेवरून उतरणाऱ्याचं कोण ऐकतं?

---

कल्याण_स्लो

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

अवांतर: आमच्या पिढीला गॅप म्हटलं की ॲडमिशनचं गॅप सर्टिफिकेटच आठवतं. स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र, की मधलं एक वर्ष मी कुठेही शिकत नव्हतो व कोणताही उद्योग केलेला नाही. तिथे मात्र गॅप आहे हे स्वतःच सिद्ध करावं लागतं. आयझेनहॉवरसाहेबांना उलटं प्रतिज्ञापत्र करायची सोय हवी होती.

---

हॉटमेटल

आयुष्य पेपरच्या डेस्कवर गेलं, म्हणून मथळ्याच्या बाजूनं लिहितो.

इंग्रजी पेपरात एककॉलमी मथळ्याला एका ओळीत जेमतेम दहा-बारा अक्षरं मावतात. तिथे 'डिस्क्रेपन्सी' लिहायला जाल तर कॉलम फुटून शेजाऱ्याच्या घरात जाईल. म्हणून त्यांच्याकडे पाळलेले छोटे शब्द असतात: रो, बिड, पॅक्ट, कर्ब, प्रोब. गॅप त्याच गोतावळ्यातला. तीन अक्षरं, आणि कशालाही चिकटतो. आपल्या मराठी डेस्कचंही असंच आहे: पेच, तिढा, कोंडी, चाप, लगाम, साकडे. 'उसाचा तिढा', 'जागावाटपाचा तिढा', 'पाण्याचा तिढा'. नेमकं काय अडलंय ते बातमीत सापडलं तर सापडलं.

दुसरी गंमत अवतरणचिन्हांची. नवा शब्द आला की सावध उपसंपादक त्याला अवतरणात घालतो. अर्थ असा, की हे आम्ही म्हणत नाही, कुणीतरी म्हणतंय. 'मिसाइल गॅप' सुरुवातीला अशीच छापली जायची. मग रोजचा शब्द झाला की एखाद्या रात्री घाईत चिन्हं गळतात आणि दुसऱ्या दिवसापासून ती वस्तुस्थिती होते. कुणी ठरवून करत नाही हो. रात्री अकराला पान सोडायचं असतं, जागा मारायची असते, आणि दोन चिन्हं काढली की एक अक्षर जास्त बसतं.

---

मुद्राराक्षस_७

लेख आवडला, पण 'आकडे दाखवावे लागत नाहीत' हे पटलं नाही. ऑल्सॉपनी तर आकड्यांची रासच घातली होती. १९६३ पर्यंत सोव्हिएतांकडे २००० आंतरखंडीय क्षेपणास्त्रं आणि अमेरिकेकडे १३० असं त्यांनी १९५८ च्या ऑगस्टमध्ये सदरात लिहिलं होतं. याहून स्पष्ट काय असतं?

---

शिळापेपर

मुद्दा बरोबर, पण त्या आकड्यांची वर्षं बघा. १९५८ मध्ये बसून १९६३ चे आकडे. हातात काय आहे ते नाही, पुढे काय होईल ते. आणि दोन्ही बाजूंचा हिशेबही वेगवेगळ्या मापानं केलेला. अमेरिकेचे आकडे म्हणजे मंजूर झालेलं वेळापत्रक, सोव्हिएतांचे आकडे म्हणजे त्यांनी जीव तोडून बनवली तर जास्तीत जास्त किती होतील ते.

खरी संख्या कळायला लागली ऑगस्ट १९६० पासून. कोरोना या अमेरिकी हेरगिरी उपग्रहानं फिल्मची कुपी पॅराशूटनं खाली सोडली, पॅसिफिकवर विमानानं ती हवेतच झेलली. त्या एका कुपीत आधीच्या सगळ्या यू-टू फेऱ्यांपेक्षा जास्त सोव्हिएत भूभाग टिपलेला होता. पुढच्या वर्षी सप्टेंबरात गुप्तचर खात्यांचा सुधारित अंदाज आला: डागता येतील अशी १० ते २५. दोन हजार नाही, दोनशेही नाही.

---

रोकडवही

सगळ्याच गॅपांना एका काठीनं हाकू नका. डॉलर गॅप खरी होती आणि मोजलेली होती.

युद्ध संपलं तेव्हा युरोपला धान्य, कोळसा, यंत्रं सगळं अमेरिकेकडूनच घ्यायचं होतं आणि त्यांना विकण्यासारखं जवळ काही नव्हतं. म्हणजे डॉलर लागतात, डॉलर येत नाहीत. ब्रिटननं १५ जुलै १९४७ ला पौंड डॉलरमध्ये बदलून द्यायला सुरुवात केली आणि इतकी धावाधाव झाली की २० ऑगस्टला खिडकी बंद करावी लागली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्शलसाहेब यांनी ५ जून १९४७ ला हार्वर्डमध्ये भाषण केलं, त्यातून पुढच्या चार वर्षांत सुमारे तेरा अब्ज डॉलर युरोपात गेले, ते याच खड्ड्यात भर घालायला.

या गॅपचा चटका आपल्यालाही बसला. १८ सप्टेंबर १९४९ ला ब्रिटननं पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला. आपला रुपया पौंडाला बांधलेला, तोही सोबत उतरला: एका रुपयाला तीस सेंट मिळायचे ते एकवीसवर आले. पाकिस्ताननं मात्र आपला रुपया उतरवला नाही. त्यांच्या शंभराला आपले एकशे चव्वेचाळीस मोजायचे असा दर झाला, दिल्लीनं तो मानायला नकार दिला आणि व्यापार ठप्प. कलकत्त्याच्या गिरण्या भारतात, ताग पूर्व बंगालात. १९५१ च्या फेब्रुवारीत करार होईपर्यंत हा घोळ चालला. लंडन-वॉशिंग्टनमधली तूट, आणि मार खाल्ला नारायणगंजच्या ताग पिकवणाऱ्यानं आणि हुगळीकाठच्या गिरणीकामगारानं.

एक बारीकशी नोंद: चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेतून जून १९४९ अखेर बाहेर पडले आणि अर्थमंत्री झाले १९५० मध्ये. हे अवमूल्यन बरोबर मधल्या काळातलं. त्यांच्या नावावर ते सर्रास खपवलं जातं म्हणून लिहिलं.

---

गोदातीर

रोकडवही, दंडवत घ्या. तागाचा भाग अजिबात माहीत नव्हता.

---

टेम्सकाठची_आक्का

रोकडवही म्हणतात तशी मोजलेली गॅपसुद्धा कशी फसवते त्याचं इकडचं उदाहरण देते.

साठच्या दशकात ब्रिटनमध्ये ट्रेड गॅप हा दर महिन्याचा सण होता. आयात-निर्यातीचे आकडे जाहीर व्हायचे आणि संध्याकाळच्या पेपरांत मोठ्या टायपात गॅप 'रुंदावली' किंवा 'अरुंद झाली'. १९६४ मध्ये विल्सन पंतप्रधान झाले तेच आधीच्या सरकारनं ऐंशी कोटी पौंडांची तूट वारशात दिली म्हणून गळा काढत. १९६९ मध्ये उघड झालं की निर्यातीची नोंदच कित्येक वर्षं कमी होत होती. म्हणजे ज्या आकड्यावर देश महिन्याच्या महिन्याला उपाशी-तुपाशी होत होता तोच कच्चा!

आणि कळस म्हणजे जून १९७०. मतदान १८ तारखेला. त्याच्या तीन दिवस आधी आकडे आले: मे महिन्यात ३ कोटी १० लाख पौंडांची तूट. त्यात बोइंगची दोन जंबो जेट घेतल्याचा खर्च होता. दोन विमानं त्याच महिन्यात आली म्हणून तूट दिसली, इतकी साधी गोष्ट. पण मथळ्यात विमानं मावत नाहीत, गॅप मावते. विल्सन हरले. फक्त त्यामुळेच हरले असं मी म्हणणार नाही, पण शेवटच्या तीन दिवसांत विरोधकांना आयतं कोलीत मिळालं.

(आणि हो, लंडनच्या भुयारी रेल्वेत 'माइंड द गॅप' (फलाट आणि गाडीमधली फट सांभाळा) ही सूचना सुरू झाली तीही १९६८ मध्ये. मथळे लिहिणाऱ्यांची त्यानंतर जी चैन झालीय ती आजतागायत चालू आहे.)

---

रातराणीचा_वेल

क्रेडिबिलिटी गॅपवर (सरकारचं बोलणं आणि वस्तुस्थिती यांतलं अंतर) कुणीच लिहीना, म्हणून मी.

हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रात ठसला तो मे १९६५ मध्ये, न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यूनमधल्या डेव्हिड वाइज यांच्या बातमीच्या मथळ्यातून. डिसेंबरात वॉशिंग्टन पोस्टच्या मरी मार्डर यांनी त्यावर मोठा लेख लिहिला आणि मग तो सगळ्यांचा झाला. निमित्त डॉमिनिकन प्रजासत्ताकाचं. एप्रिलअखेर अध्यक्ष जॉन्सननी तिथे मरीन्स उतरवले, आधी कारण सांगितलं अमेरिकी नागरिकांचे जीव वाचवायचे, मग सांगितलं कम्युनिस्ट येतायत. पाठोपाठ व्हिएतनाम. दक्षिण व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैन्यानं फक्त पहारा न देता चढाईही करायची हा निर्णय एप्रिलमध्ये गुपचूप झाला. जूनमध्ये परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्यानं ते बोलून टाकलं, आणि दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसनं असं काही नाहीच म्हणून हात झटकले. बातमीदारांनी दोन्ही निवेदनं शेजारी शेजारी छापली. बस्स, वेगळं काही लिहायची गरजच उरली नाही.

खरं तर बीज आधीच पडलं होतं. डिसेंबर १९६२ मध्ये, क्यूबाचं संकट टळल्यावर, पेंटॅगॉनचे प्रवक्ते आर्थर सिल्व्हेस्टर यांनी पत्रकारांसमोरच सांगितलं की अणुयुद्धाची वेळ आली तर स्वतःला वाचवण्यासाठी खोटं बोलण्याचा सरकारला अधिकार आहे. निदान माणूस प्रांजळ होता!

दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगावमध्ये, रोज संध्याकाळी अमेरिकी लष्कर पत्रकारांना माहिती द्यायचं. शत्रूचे किती मेले याचा आकडा ठरलेला. पत्रकारांनी त्या बैठकीचं नावच 'पाच वाजताचा तमाशा' अशा अर्थाचं ठेवलं होतं. म्हणून शिळापेपर, इथे तुमचा सिद्धांत उलटा होतो. मिसाइल गॅपमध्ये आकडे नव्हते, गॅप होती. सायगावमध्ये आकडेच आकडे होते, म्हणून गॅप पडली.

---

शिळापेपर

रातराणीताई, शंभर टक्के मान्य. आणि इथे शब्दाची दिशाही फिरली. आधीच्या गॅपा सरकारबाहेरच्या लोकांनी सरकारच्या डोक्यावर मारल्या, पण शेवटी फायदा शस्त्रखात्याचाच झाला. ही पहिलीच, जिच्यातून कुणाला जास्तीचा पैसा मिळाला नाही.

---

सुकेळी

सगळ्यात बिनचूक मोजलेली गॅप विसरलात की! साडेअठरा मिनिटं.

२० जून १९७२. डेमोक्रॅटिक पक्षाच्या वॉटरगेटमधल्या कचेरीत घरफोडी होऊन तीन दिवस झालेले. अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे मुख्य सहायक हॉल्डमन यांचं बोलणं टेपवर आहे, पण मधली साडेअठरा मिनिटं नुसती घरघर. १९७३ च्या नोव्हेंबरात हे उघडकीला आलं. निक्सनच्या सचिव रोझ मेरी वुड्स म्हणाल्या, टेप उतरवून घेताना फोन वाजला, मी तो घ्यायला वळले, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं आणि पाय पेडलवरच राहिला. पण तेही पाचेक मिनिटांपुरतंच, बाकीचं मला माहीत नाही. मग त्यांना तसं करून दाखवायला लावलं. तो फोटो बघा: डावा हात मागे फोनकडे ताणलेला, पाय पुढे पेडलवर, बाई टेबलाला तिरप्या लोंबकळल्यासारख्या. जानेवारी १९७४ मध्ये तज्ज्ञांनी कोर्टाला सांगितलं की हे एकदा नाही, किमान पाच वेळा वेगवेगळं पुसलेलं आहे.

इथे गॅप म्हणजे तुलना नाही, दोन बाजू नाहीत. नुसतं भोक. वाचकाला पहिल्यांदाच कुणीतरी गॅप कानानं ऐकवली.

---

फ्रांकफुर्टी

भोक म्हणालात म्हणून खिंड आठवली. आमच्या इथून शंभरेक किलोमीटरवर फुल्दा गॅप आहे, अगदी भूगोलातली. पूर्व जर्मनीची हद्द तिथे पश्चिमेकडे पुढे आलेली, आणि डोंगरांमधून फ्रांकफुर्टकडे यायला त्यातल्या त्यात सोपी वाट. सोव्हिएत रणगाडे आले तर इथूनच येणार म्हणून अमेरिकी फौज चाळीस वर्षं दुर्बिणी लावून बसली होती. लाइपझिगला हरल्यावर १८१३ मध्ये नेपोलियनची सेनाही याच वाटेनं माघारी गेली होती. चौकीचं आता स्मारक झालंय, पॉइंट अल्फा. टेहळणी मनोऱ्यावर चढलं की समोर पूर्वेचा मनोरा दिसतो, मध्ये नुसतं कुरण. या एका गॅपबद्दल तरी कुणी वाद घातला नाही.

---

गोदातीर

जनरेशन गॅप, जेंडर गॅप राहिल्या.

---

टेम्सकाठची_आक्का

जनरेशन गॅपबद्दल मला फारसं कौतुक नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मासिकांनी ती लाडावली, १९७० मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि मग प्रत्येक घरातल्या प्रत्येक भांडणाला ती लागू पडली. जी कशालाही लागू पडते ती बातमी कसली?

जेंडर गॅप वेगळी. १९८० च्या निवडणुकीत रेगन यांना पुरुषांत जेवढे टक्के मतं मिळाली त्यापेक्षा बायकांत आठेक टक्के कमी. आकडा छोटा, पण तो मतदानोत्तर पाहणीतला, दोन्ही बाजू मांडलेल्या. समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी लढणाऱ्या महिला संघटनांनी तो हत्यारासारखा वापरला: आमची मतं वेगळी पडतात, आता आम्हाला मोजा. तोवर गॅप म्हणजे आपण मागे पडलो असंच असायचं. यांनी ती स्वतःची ताकद म्हणून छापून आणली. घटनादुरुस्ती १९८२ मध्ये मुदत संपून पडली, शब्द मात्र प्रत्येक निवडणुकीत हजर असतो.

---

मुद्राराक्षस_७

परत मूळ मुद्द्यावर. मिसाइल गॅप नाही हे कळल्यावर पेपरांनी काय केलं? माफी वगैरे?

---

हॉटमेटल

कसली माफी! ६ फेब्रुवारी १९६१ ला नवे संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी पत्रकारांना बोलावलं. नाव न छापण्याच्या बोलीवर गप्पा. नवखा माणूस, कुणीतरी विचारल्यावर सरळ सांगून बसला की अशी काही गॅप दिसत नाही. पत्रकार फोनकडे धावले. दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर, आणि ज्या गॅपच्या जोरावर केनेडी निवडून आले तीच त्यांच्या मंत्र्यानं तीन आठवड्यांत मोडीत काढलेली. मॅकनमारा राजीनामा घेऊन गेले, केनेडींनी तो घेतला नाही, आणि ८ तारखेच्या पत्रकार परिषदेत अभ्यास अजून पूर्ण व्हायचाय म्हणून सारवासारव केली. डेस्कच्या अनुभवावरून सांगतो, 'गॅप आहे' ही बातमी चार वर्षं चालते, 'गॅप नाही' ही एकच दिवस चालते. दुसऱ्या दिवशी त्यावर लिहायला उरतं काय?

१९६४ मध्ये डॉ. स्ट्रेंजलव्ह हा सिनेमा आला. त्यात जगबुडीच्या दारात उभा असलेला जनरल रशियाबरोबरच्या खाणींच्या गॅपची काळजी करतो. थिएटरात लोक हसले, कारण शब्द तोवर पुरता ओळखीचा झाला होता.

---

शिळापेपर

आणि अधिकृत उत्तर आलं ते थेट २१ ऑक्टोबर १९६१ ला. संरक्षण उपमंत्री रॉझवेल गिलपॅट्रिक यांनी व्हर्जिनियातल्या हॉट स्प्रिंग्जला उद्योगपतींच्या बैठकीत सांगितलं, की रशियानं आधी वार केला तरी आमच्याकडे उलट मारायला जेवढं उरेल ते त्यांच्या पहिल्या वारापेक्षा कमी नसेल. थोडक्यात, गॅप आहे, पण आमच्या बाजूनं आहे.

ख्रुश्चेव्हची चार वर्षांची बढाई एका भाषणात उघडी पडली. पुढच्याच वर्षी त्यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं क्यूबात नेऊन ठेवली. का ठेवली याची इतिहासकार जी कारणं देतात त्यात हे एक असतंच: लांब पल्ल्याची नाहीत, मग आहेत ती जवळ नेऊन ठेवायची.

---

कल्याण_स्लो

म्हणजे खोट्या गॅपचा खुलासा केला आणि खऱ्या संकटाला आमंत्रण गेलं. साहेब, आता 'गेट' वर वेगळा धागा काढा. वॉटरगेटपासून पुढे शेपूट लांबच लांब आहे.